देठांचा ठसका

आमचे शेजारी घरात आले की आधी माणसांची नाही, सालपटांची चौकशी करतात. "आज भाजी कसानी व्हती?" असं विचारत थेट आमच्या कचऱ्याच्या बादलीत डोकावतात. कोर्टातली नोकरी संपल्यापासून अंगणातला खताचा खड्डा हेच त्यांचं दैवत. तयार खत मुठीत घेऊन आधी स्वतः हुंगतात, मग दुसऱ्याच्या नाकाशी धरतात. "अत्तर शे, अत्तर!"

परवा आमच्या मुलीला बघायला सुरतेचे पाहुणे आले. मुलगा पोह्या-केळ्यांकडे बघत होता, त्याची आई आमच्या भिंतींच्या रंगाकडे. नेमकी तेव्हाच शेजाऱ्यांनी मिरची वाळवायच्या पथारीवरून आणलेली देठांची पोती खड्ड्यात ओतली आणि फावड्याने खालवर करायला घेतली. सगळी बैठक शिंकायला लागली. मुलाची आई नाकाला पदर लावून खोकत रिक्षात जाऊन बसली. मागोमाग मुलगाही.

मी तणतणत कुंपणाशी गेलो. त्यांनी शांतपणे फावडं टेकवलं.

"नंदुरबारनी मिरची ज्यास्ले सहन व्हत नही, त्यास्ले तुन्ही पोर कशी सहन व्हई?" मग हात पुढे करून, "पाव्हणास्नी केळा खादात ना? सालपटा दी टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी, आजवर त्या बादलीला नाक मुरडणारी माझी मुलगी ती स्वतः उचलून त्यांच्या खड्ड्यात रिकामी करून आली.

"बाबा, पुढचे पाहुणे यायचे असतील तर मला आधी सांगा," ती म्हणाली. "काकांकडे अजून एक पोतं शिल्लक आहे."