बेटाच्या नावाचं घर

गावकाका भेटले की आधी आडनाव विचारत, मग त्या आडनावाचं गाव. ते कळलं की गावाला तसं का म्हणतात हे आपल्याला ऐकून घ्यावंच लागे. सिंगापुरात बँकेत आयुष्य काढून ते निवृत्त झाले, पण ही खोड गेली नाही. बिशान भागात त्यांच्या इमारतीखालच्या बाकावर मीही असाच तावडीत सापडलो.

"इथलं बुकित तिमाहच घे. मलयमध्ये बुकित म्हणजे टेकडी, तिमाह म्हणजे कथील," असं सुरू होई. "जुनी माणसं जमीन पायाखाली घालून नाव ठेवत. नाव खोटं बोलत नाही." आमच्या सोसायटीच्या नावात टेकडी आहे आणि चढ औषधालाही नाही, असं मी चिडवलं की म्हणत, "ते बिल्डरने ठेवलंय. त्याला नाव म्हणत नाहीत."

मुलगी मुक्ता लग्नानंतर इंग्लंडमध्ये खेड्याकडे राहायला गेली आणि काकांना नवं कुरण मिळालं. कुठल्या नावात नदीचा उतार आहे, कुठल्या नावात कुंपणातली वस्ती, हे सगळं ते हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत कॉफीबरोबर आम्हाला पाजत. तिथेच एकदा मुक्ताचा फोन आला. "बाबा, घर छान आहे, पण नदी जवळ आहे. घेऊ ना?" काकांनी गावाचं नाव विचारलं. त्याचा अर्थ होता बेट. दलदलीतली उंच, कोरडी जागा. "डोळे मिटून घे," ते म्हणाले.

गाव उंचावर होतंच. मुक्ताची कॉलनी मात्र खालच्या शेतात नवी बांधलेली, आणि बिल्डरने गावाचं नाव तिलाही लावलेलं. दुसऱ्या हिवाळ्यात नदी आत शिरली. गाडी वर काढायला गेलेली मुक्ता परत आली नाही.

तिचं सगळं उरकून तिकडून परत आल्यावर काकांनी कुणाला आडनाव विचारलं नाही. "बिल्डर काय करतात ते मला ठाऊक होतं रे," एकदाच म्हणाले. "तुला तर मीच सांगायचो." पुढे त्यांचं जेवण तुटलं आणि माणूस डोळ्यांदेखत वाळत गेला. जावई दर रविवारी फोन करी. तो चकार शब्दाने दोष देत नसे, आणि तेच काकांना सोसत नसे.

काका गेले तेव्हा जावई आला. अग्नी दिल्यावर आम्ही दोघं बाहेर बसलो. मुक्ताला आपण घर घ्यायला सांगितलं हे काकांना शेवटपर्यंत खात होतं, असं मी त्याला म्हणालो.

"घराच्या कागदांवर सह्या त्या फोनच्या आधीच झाल्या होत्या," तो म्हणाला. "अर्थ सांगायला मिळाला की बाबा खूश होतात, म्हणून तिने विचारलं होतं."

"हे त्यांना कधी सांगितलंस?"

"त्यांनी विषयच काढला नाही. आम्ही रविवारी हवापाण्याचंच बोलायचो."