सासूबाईंची कॅनडातली आळी

माझ्या सासूबाईंना जगातल्या कुठल्याही विमानात बसवा, त्या आपल्या गावी, वैशाखऱ्यालाच उतरतात. आम्ही त्यांना कॅनडात उतरवलं होतं, निदान आमचा तसा समज होता. सासरे गेल्यावर गावच्या घरात त्या एकट्या उरल्या, तेव्हा त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांना कायमचं आमच्याकडे आणायचं ठरवलं. भाताची खाचरं चुलत दिरांना कसायला दिली, कोंबड्या आळीत वाटून टाकल्या, आणि कल्याणच्या पुढे कधी न गेलेली ही बाई नऊवारी लुगड्यावर मुलाचं जाड जाकीट आणि पायांत बर्फातले बूट अशा वेशात आमच्या दारात येऊन उभी राहिली. आत पाऊल टाकायच्या आधी त्यांनी विचारलं, "शेजारी कोन राहतं गो?" आम्हाला त्या घरात येऊन चार वर्षं झाली होती. मला सांगता येईना.

मी शहापूरची. लग्नाआधी आसनगावहून कल्याणला रोज जाऊन-येऊन नोकरी केली, पण कॅनडात दमले तशी कधी दमले नव्हते. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं, हसून बोलायचं, घरी येऊन तोंड मिटायचं. गावाकडं दमणं निदान चारजणींत वाटून घेता यायचं. सासूबाई आल्यापासून तर मला दुसरी पाळी लागली. दुकानातून सुटले की घरी येऊन आमच्या रस्त्याला सासूबाई समजावून सांगायच्या आणि सासूबाईंना रस्ता. सकाळी त्या अंगणात उभ्या राहायच्या आणि कुत्रं फिरवायला निघालेल्या प्रत्येकाला स्वच्छ मराठीत विचारायच्या, "काय, कुठं चाललास?" माणसं हसून हात हलवायची. आठवडाभरानं त्यांनी आपलं मत बनवलं. "मानसं चांगली हायेत, पन कुठं जातात ते सांगत नाय. लपवतात कायतरी." मी म्हटलं, "आई, इथं असं विचारत नाहीत." त्या म्हणाल्या, "मग कळतं कसं?"

त्यांना रिकामं बसता येत नसे. गावाहून येताना बॅगेत नाचणीचं पीठ आणलं होतं, त्याचे पापड लाटले. तिथलं ऊन म्हणजे नावापुरतं. सगळ्या घरात ऊन धरून ठेवणारी एकच वस्तू त्यांना सापडली, ती म्हणजे नवऱ्याची काळी गाडी. धुतलेला पंचा टपावर पसरून त्यावर त्यांनी पापड वाळत घातले. नवरा दुपारच्या पाळीला उशीर झाला म्हणून धावत आला आणि गाडी काढून निघून गेला. पंचा पहिल्याच वळणावर पडला, पापड मात्र रस्त्याच्या टोकापर्यंत घरोघरी एकेक पोचले. संध्याकाळी मी दमलेल्या पायांनी दारोदार माफी मागत फिरले. सासूबाई माझ्यामागून चालत होत्या आणि ज्याच्या अंगणात पापड पडला त्याला खुणेनं सांगत होत्या, भाजून खा. त्या एका संध्याकाळी मला आमच्या रस्त्यावरच्या नऊ घरांची नावं कळली.

हिवाळा आला तसं बर्फ साचू लागलं. नवरा आमच्या दारापुरतं बर्फ ओढायचा. सासूबाईंनी एकदा ते पाहिलं आणि फावडं काढून घेतलं. "आपल्या दारातलं साफ करायचं नि शेजारची म्हातारी मानसं घसरून पडू द्यायची?" असं म्हणून त्यांनी समोरच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं अंगणही साफ केलं. रोज करू लागल्या. तो म्हातारा खिडकीतून त्यांना हात जोडायचा, कुठून शिकला होता कोण जाणे. सासूबाई फावडं उंच करायच्या. एवढीच त्यांची ओळख.

फेब्रुवारीत तो म्हातारा गेला. मी कामावरून आले तर आमचं दार सताड उघडं आणि सासूबाई घरात नाहीत. मग समोरच्या पायरीवर त्यांचे बूट दिसले. मी धावत गेले. आत म्हातारीशेजारी सासूबाई बसल्या होत्या, समोर आमच्या पातेल्यात पिठलं-भात, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. मी शरमेनं म्हातारीची माफी मागितली आणि सासूबाईंना हळूच म्हटलं, "आई, फोन करून, विचारून यायचं असतं."

"मयताच्या घरी कोन विचारून येतं गो? चूल पेटली नसंल तिची."

म्हातारीनं मला हातानंच थांबवलं. तिला राहू दे, म्हणाली. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत आपला नवरा कसा गेला ते मराठीतच सांगत होत्या. सासरे गावाजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत बैल बघून आले, चहा मागितला, कपात साखर कमी आहे म्हणाले, आणि त्या साखर आणायला उठल्या तेवढ्यात गेले. साखरेचा डबा हातातच राहिला. हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. सासरे गेले तेव्हा मला रजा मिळाली नव्हती, त्यामुळे मी फोनवरच रडले होते.

त्यानंतर मी कामावर असताना म्हातारी आमच्याकडे येऊ लागली. संध्याकाळी मोरीत दोन कप दिसायचे. मला वाटलं, आता सासूबाई रुळल्या. पण बर्फ वितळलं तसं एक दिवस जेवताना त्या मुलाला म्हणाल्या, "मला गावी पोचव."

"का गं आई? काही कमी आहे का इथं?"

"तिच्याकडं दोन दिस गाड्या आल्या, फुलं आली. तिसऱ्या दिवशी कोन नाय. मी इथं मेले तर तुज्या दारात कोन येल?"

"आम्ही आहोत ना."

"तुमी कामावर असाल," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. नवरा तिकिटाचं बघतो म्हणाला.

निघायच्या दिवशी म्हातारी फाटकापर्यंत आली. सासूबाईंनी तिच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून दिली आणि माझ्याकडे बोट दाखवून तिला काहीतरी सांगितलं. मी सामान चढवत होते, मला ऐकू आलं नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या सुट्टीच्या दुपारी घंटा वाजली. मला जरा पडायचं होतं. दारात म्हातारी उभी होती. मी तिला बसवलं, चहा केला. तिची भाषा मला येते, दिवसभर दुकानात तीच बोलते, तरी काय बोलावं ते सुचेना. शेवटी मी विचारलं, तुमचे यजमान कसे गेले? तिनं सांगायला घेतलं. चांगला तासभर लागला. मध्येच थांबून म्हणाली, "हे सगळं मी तुझ्या सासूला सांगितलं होतं. तिला कळलं होतं."

मी म्हटलं, हो, कळलं असणार. आणि तिच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.