नखाच्या खाचेतला निळा डाग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, टोळीतल्या माणसांना नाही. आणि मी काही घुम्या माणूस नाही — पलूस भागात द्राक्षाची कलमं करणारी टोळी घेऊन वीस वर्षं फिरतोय, बांधावर बसलो की चारजण हातातलं काम टाकून ऐकायला थांबतात. तोंड चालतं माझं. फक्त या एका जागी आलं की ते बंद होतं.

मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे चाकूचा. कलमाला लोहाराच्या हातचा घडीचा चाकू घ्यावा, की दुकानातला? दुकानातला शंभराच्या आत मिळतो. लोहाराचा नऊशेला. एवढा फरक मोजावा का? नऊ वर्षं माझं उत्तर ठरलेलं आहे — दुकानातला घे, लोखंड सगळं सारखंच. मी हे असं ठासून सांगतो की पुढचा माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही. माझ्याशी चाकूवरनं वाद घालणार तरी कोण?

कारण मला चाकूतलं कळतं. ही बढाई नाही, माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. पाचर कलम करताना काडीला दोन्ही बाजूंनी काप द्यायचा असतो, आणि तो एका ओढीत व्हावा लागतो. दुसऱ्यांदा पातं फिरवलं की काप नागमोडी होतो, खुंटाशी काडी नीट बसत नाही, मध्ये हवा राहते आणि काडी वाळते. दुकानातला चाकू सकाळी झकास चालतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याची धार जाते, मग साल सोलवटायला लागते. लोहाराचं पातं संध्याकाळीही सकाळसारखंच चालतं. आता तुम्हीच सांगा, नऊशे रुपये महाग आहेत का? अजिबात नाहीत. दुप्पट मागितले असते तरी मी दिले असते.

मग मी नऊ वर्षं उलटं का सांगत आलो?

तर — शामूतात्या. पाटणकडचे लोहार. दरवर्षी कलमाच्या दिवसांत एसटीनं पलूसला यायचे, स्टँडजवळच्या लिंबाखाली पोतं अंथरायचे आणि आठ-दहा दिवसांत आणलेले चाकू संपवून परत जायचे. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद, शिसवीची मूठ, पातं उघडायला नख अडकवायची बारीक खाच. चाकू ते कधी हातात द्यायचे नाहीत. पोत्यावर ठेवायचे, आपण उचलायचा. धारेची वस्तू हातातनं हातात गेली की दोघांत वितुष्ट येतं, असं त्यांचं म्हणणं. आणि प्रत्येकाला एकच ताकीद — धार दगडावर लावा, मशिनला लावू नका, पाणी उतरतं. पाणी म्हणजे पातं तापवून बुडवल्यावर त्याला येणारा कडकपणा. तो एकदा गेला की पातं म्हणजे नुसती पट्टी.

त्या वर्षी तात्या येऊन गेले होते. माझ्याकडं त्यांचा चाकू होता, आणि काम होतं मेहुण्याच्या, दिनकरच्या प्लॉटमध्ये. नवी बाग, त्याची पहिलीच. मध्येच कुणीतरी बांधायची तार तोडून मागितली आणि मी — मी, जो दुसऱ्यांना असल्या गोष्टीवरनं झापतो — त्याच चाकूनं तार तोडली. धारेला दाता पडला. दगडावर तासभर घासलं असतं तर निघाला असता. पण टोळी समोर, ऊन चढलेलं आणि म्होरक्यानं दगड घासत बसायचं? मी गाडीला किक मारली आणि वेल्डिंगच्या दुकानात जाऊन ग्राइंडरला लावला.

ठिणग्या उडाल्या. हात जरा जास्तच दाबला गेला. बाजूला घेऊन बघतो तर धारेकडनं निळा रंग चढलेला, पारव्याच्या मानेवर असतो तसला. मला त्याच क्षणी कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, मला कळलं. आणि मी काय केलं? तिथलाच पॉलिश पेपर घेतला आणि निळेपणा जाईपर्यंत पातं घासलं. परत आलो आणि पुढचे दोन दिवस दिनकरच्या बागेत त्याच चाकूनं कलमं भरली. दुसरा मागितला असता तर टोळीनं विचारलं असतं, या चाकूला काय झालं?

वीसेक दिवसांत माझ्या ओळींतल्या निम्म्या काड्या वाळल्या. टोळीतल्या बाकीच्यांच्या ओळी हिरव्या. दिनकर चिडला नाही, नुसता विचारत राहिला — दाजी, काय चुकलं असंल? मी खिशातनं चाकू काढला. तोंडातनं शब्द किती सहज आले म्हणून सांगू! लोखंडच कच्चं निघालं, म्हटलं. वाळक्या काडीवर दोनदा ओढून दाखवला. धार जागच्या जागी वळली. दिनकरनं मोबाईलवर व्हिडिओ घेतला. त्यात माझा आवाज आहे, खणखणीत — लोहाराच्या नावावर जाऊ नका, नऊशे घालवू नका. तो व्हिडिओ बागायतदारांच्या ग्रुपवर गेला, तिथनं तासगावकडं, तिथनं आणखी कुठं कुठं. लोक फोन करून म्हणाले, बरं झालं सांगितलंत.

आठवड्याभरात तात्या आले. मुलानं त्यांना व्हिडिओ दाखवला होता. पाटणवरनं दोन गाड्या बदलून आले आणि थेट दिनकरच्या बांधावर. टोळी होती, शेजारपाजारचे बागायतदार होते. तात्यांनी आवाज चढवला नाही. चाकू बघू म्हणाले. मी तो धोंड्यावर ठेवला, त्यांनी उचलला, उघडला. अंगठ्यानं धार चाचपली. मग पातं उन्हात तिरपं धरलं आणि बराच वेळ एकाच जागी बघत राहिले.

मी त्यांच्या नजरेच्या रोखानं बघितलं. नखाच्या खाचेत पॉलिश पेपर पोचला नव्हता. तिथं निळा डाग तसाच होता.

तात्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं कळलंय हे मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांना. एक शब्द पुरला असता — त्यांचा किंवा माझा. मी काय केलं असेल? मी त्यांच्या डोळ्यांत बघत उभा राहिलो. मान खाली घातली असती तर लोकांना समजलं असतं, म्हणून मान ताठ ठेवली. मेहुण्यासमोर, टोळीसमोर.

तात्यांनी पिशवीतनं नवा चाकू काढला आणि धोंड्यावर ठेवला.

"ह्यो घ्या पाव्हणं. माझ्या मालावरनं गिऱ्हाइकाशी भांडायची आमच्यात रीत न्हाई."

बिघडलेला त्यांनी पिशवीत टाकला आणि चालत स्टँडकडं गेले. लोक म्हणाले, बघा, कबूल केलं म्हाताऱ्यानं. आणि मी तो नवा चाकू उचलला. हो, उचलला. आजही तो माझ्या खिशात आहे. नऊ वर्षं मी त्याच चाकूनं कलमं करतोय, त्याच्याच जोरावर माझं नाव आहे, आणि लोकांना सांगतोय दुकानातला घ्या. कुणी मूठ ओळखली तर म्हणतो, जुना पडून होता.

पुढच्या कलमाच्या दिवसांत तात्या आले, चार दिवस बसले आणि भरलेली पिशवी घेऊन परत गेले. त्याच्या पुढच्या वर्षी आलेच नाहीत. मी त्या लिंबाकडं बघायचं टाळून जायला शिकलो.

गेल्या महिन्यात एका लग्नाला पाटणला गेलो होतो. बाजारात तात्या दिसले. समोर पोतं तेच, पण वर दुकानातले रंगीत मुठींचे चाकू, पुड्यांतले. भाता बंद केलाय, मुलगा पुण्याला कंपनीत लागलाय, हे शेजारच्यानं सांगितलं. मी जाऊन उभा राहिलो. सांगायलाच गेलो होतो, असं मला वाटत होतं. खिशातला चाकू काढून पोत्यावर ठेवला. तात्यांनी उघडला, दगड घेतला आणि चार-सहा वेळा शांतपणे फिरवला. चेहऱ्यावर काहीतरी आलं — आनंद होता तो, मी शपथेवर सांगतो.

"पाणी हाय अजून," ते म्हणाले. "नीट वापरलासा."

बस. एवढंच. चाकू पोत्यावर ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. मी उचलून खिशात घातला आणि जेवणाची पंगत बसायच्या आत पोचलो. बासुंदी दोनदा घेतली.

परतीच्या गाडीत मोबाईल वाजला. ग्रुपवर कुणा नव्या पोरानं विचारलं होतं, कलमाला लोहाराचा चाकू घेऊ की दुकानातला? माझं नाव घालून विचारलं होतं. मी लिहिलं, दुकानातला घे.

पहिल्यांदाच ते उत्तर खरं होतं. दुसरा आता मिळतच नाही. आणि तो मिळेनासा मी केला.