चिमूटभर जस्त

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे चिमूटआत्या म्हणतात, अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं आत्या. सत्तावीस वर्षं एकाच टेबलाशी बसून त्या जंतू ओळखतायत. मला सुरुवातीला त्यांचा भयंकर राग यायचा. मी तापट आहे, लपवत नाही.

काम तसं सोपं. नळीतल्या पातळ खाद्यात नायट्रेट असतं. त्यात रुग्णाचा जंतू सोडायचा, दिवसभर उबेत ठेवायचं, मग दोन रसायनांचे थेंब टाकायचे. जंतूने नायट्रेट अर्धवट फोडून नायट्राइट केलं असेल तर नळी लाल होते. नाही झाली की मी ‘नाही’ लिहून मोकळी! आत्या मात्र लाल न झालेल्या प्रत्येक नळीत जस्ताची चिमूटभर भुकटी टाकायला लावायच्या.

“अगं, ताट रिकामं दिसलं म्हणजे वाढलंच नव्हतं का? चाटूनपुसून खाल्लेलंही असतं. नायट्राइटही खाऊन टाकलं तर लाल कुठून येणार? जस्त उरलेलं नायट्रेट फोडतं; त्याने लाल आलं तर नायट्रेट तसंच पडून आहे. नाही आलं तर बेट्याने सगळं फस्त केलंय.”

मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, झालं, लागली टकळी.

मग आत्यांचा धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर दाखल झाला. मधुमेह, पायाला जखम. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: साधा जंतू असेल तर चालू गोळ्यांवर उद्या घरी, चिवट असेल तर त्या गोळ्या पाण्यात, आणि औषध बदलायला उशीर झाला तर पाऊल वाचायचं नाही. बाकी चाचण्या झाल्या होत्या. अडलं होतं नायट्रेटवर. चिवट जंतू ते खातो, साधा तोंडही लावत नाही.

सकाळी मी त्याच्या नळीत थेंब टाकले. लाल नाही! मी ओरडलेच, “आत्या, सुटलो! लिहू ना ‘नाही’?”

आत्यांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका सुटकेचा भाव मी कधी पाहिला नव्हता. त्या क्षणी मला जस्ताची आठवण झाली आणि, खरं सांगते, मी गप्प बसले. आज नको, असं वाटलं.

त्यांनी डोळे उघडले. “जस्त?”

“आत्या, आज राहू दे ना.”

“आण.”

त्यांनी दोन नळ्या घेतल्या. एक भावाची, एक जंतू न सोडलेली, पण तेच थेंब टाकलेली. दोन्हींत चिमूट टाकली. जंतू नसलेली बघता बघता लाल झाली. भावाची तशीच राहिली. आत्या दहा मिनिटं घड्याळ लावून बसल्या. हात मांडीवर घट्ट धरलेले. मला रडू आलं, त्यांना नाही. मग वहीत स्वतःच्या हाताने ‘होय’ लिहून त्यांनी वर फोन केला.

दुपारी औषध बदललं. घरी जाणं रद्द झालं म्हणून भाऊ त्यांच्यावर उखडला. “सगळ्यांना घरी सोडतात, ताई. मी मात्र सख्ख्या बहिणीमुळे अडकलो!”

“हो, अडकलास,” आत्या म्हणाल्या आणि त्याचं पांघरूण नीट करून खाली आल्या.

तीन आठवड्यांनी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा होता, दोन्ही पायांवर. आत जंतू असतात म्हणून आत्यांनी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. त्याच्या चपलांकडे त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.