जोडीमास्तर आणि माझी पुसलेली पाटी

मेजावर एकटी वस्तू ठेवलेली जोडीमास्तरांना खपत नसे. टेंभी नाक्याजवळच्या आमच्या मुलींच्या शाळेत ते रोज दोन वस्तू मांडत. कधी वडाचं पान आणि पिंपळाचं, कधी मडकं आणि तांब्या. आम्ही आधी साम्य सांगायचं, मग भेद. क्रम चुकला की मास्तर कडाडत, "भेद भांडकुदळालाही दिसतो गं! साम्य शोधायला डोकं लागतं."

"दोन्ही सारखंच" म्हणणारीचीही धडगत नसे. मिठागरावरच्या एका मुलीने मिठाच्या दोन पुड्या आणल्या, एक पांढरी, एक मातकट. मी जिभेला लावून म्हटलं, "दोन्ही खारट."

"हे गाढवही सांगेल. पुन्हा चाख!"

चौथ्या चिमटीला कळलं, मातकट मीठ मागाहून कडवट लागतं. मास्तर खूश झाले. मी दिवसभर पाणी पीत होते.

अकराव्या वर्षी माझं लग्न ठरलं. कचेरीत कारकून असलेले माझे वडील, नाना, माझं नाव काढायला शाळेत आले. बरोबर माझा जुळा भाऊ बंडू होता. मास्तरांनी आम्हा दोघांपुढे पाट्या टाकल्या. "खाडी आणि विहीर. लिहा." बंडूच्या चार ओळी झाल्या, माझ्या नऊ. दोन्ही पाट्या मेजावर शेजारी मांडून मास्तर म्हणाले, "नाना, यांच्यातलं साम्य सांगा."

"साम्य कसलं? एक मुलगा, एक मुलगी."

"हा भेद झाला. बरं, तोच पाटीवर दाखवा."

नानांनी उपरण्याच्या टोकाने माझी पाटी पुसली. नऊच्या नऊ ओळी. "आता दिसला?"

मास्तरांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी पेन्सिल उचलून माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "चंपे, पुन्हा लिही."

मास्तर गेले, नानाही गेले. लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरते. नानांनी दुसऱ्या दिवशी बंडूला नवी पाटी आणून दिली, तीही मी विसरलेले नाही. पण सगळ्यांत जास्त राग मला माझा येतो. नऊ ओळी तोंडपाठ होत्या, मास्तर वाट पाहत होते, आणि मी नानांकडे पाहून पेन्सिल खाली ठेवली.