पाटीवरचं चौथं नाव

"कोनते इंगळे?"

दादासाहेबांनी हा प्रश्न मला विचारला नाही, माझ्या मालकाला विचारला. मी समोरच, स्कॅनरचं झाकण उचलून उभी होते. पण बैलाचे दात बैलाला कोण विचारतं?

आमच्या वऱ्हाडात इंगळे कुणब्यांतही आहेत आणि आम्हा बौद्धांतही. त्यामुळे नुसतं आडनाव ऐकून लोकांचं समाधान होत नाही. 'कोणते' ते विचारतात. ते कळलं की तुमच्याकडे कसं बघायचं हे ठरतं.

"आपलेच हायेत, दादासाहेब," मालक म्हणाला. "पोरगी लय हुशार हाये."

आठ वर्षं तो गिऱ्हाइकांना हेच सांगत होता. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं फोटोचं दुकान. जुने फोटो स्कॅन करायचे, डाग काढायचे, नको ते अक्षर पुसायचं, हे माझं काम. मी 'आपली' नव्हते. त्याला माहीत होतं, मलाही. पहिल्यांदा गप्प बसले ती नोकरी जाईल म्हणून. मग सवय लागली. सवय कसली, लाचारी.

दादासाहेबांना वडिलांच्या जन्मशताब्दीची स्मरणिका काढायची होती. त्यांनी गावाचं नाव सांगितलं. माझ्या बापाचं गाव ते. मी फोटो घेतला आणि स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवला.

फोटोत नवी खोदलेली विहीर. काठावर खुर्चीत दादासाहेबांचे वडील, कडक इस्त्रीचं धोतर, मांडीवर काठी. मागं उघड्या अंगाची बारा माणसं, हातात टिकास अन् घमेली. पुढं जमिनीवर एक काळी पाटी टेकवलेली. तिच्यावर खडूनं काहीतरी लिहिलेलं, पण फोटो इतका विटलेला की नुसते पांढरे फराटे दिसत होते.

"थे पाटीवरचं गिचमिड पुसून टाक वं पोरी," दादासाहेब म्हणाले. "अन् तिथं टाक, वडिलांनी स्वहस्ते खोदलेली विहीर."

स्वहस्ते! धोतरावर मातीचा एक शिंतोडा नाही आणि म्हणे स्वहस्ते. अशी माणसं खोटंही आळसानं बोलतात. आपल्याला कोण विचारणार, ही खात्री असते ना.

ते दोघं बाकावर चहा घेत बसले. मी कामाला लागले. काम सोपं असतं. अक्षराच्या बाजूचा स्वच्छ काळा तुकडा उचलायचा आणि अक्षरावर दाबायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा दाबायचा. सफाईनं व्हावं म्हणून मी फोटो पडद्यावर मोठा केला, उजेड वाढवला. गिचमिड नव्हतंच ते. चांगलं वळणदार अक्षर होतं, गावातल्या एखाद्या मास्तराचं असावं. वर 'विहीर खोदणारे', आणि खाली बारा नावं.

मी वाचत गेले आणि पुसत गेले. पहिलं नाव गेलं. दुसरं गेलं. तिसरं गेलं. हात सरावलेला होता. मग चौथं आलं.

चंपत उकंडा इंगळे.

माझा आजा.

त्याचा एकही फोटो आमच्या घरी नाही. बाप सांगायचा, विहिरीला पाणी लागलं तेव्हा खाली आजाच होता, पहिली ओंजळ त्यानंच भरून घेतली. काठ बांधून झाला आणि त्याच विहिरीवर त्याला दोर टाकायची बंदी झाली. लांब उभं राहून हात पसरायचे. कोणाला दया आली तर वरून पाणी पडणार. मी शाळेत जाऊन शहाणी झालेली पोर. बापाला म्हणायचे, पुरावा काय? आता पुरावा समोर होता आणि मी तो पुसत होते.

रडू आलं नाही. किळस आली. त्या धोतराची, चहा फुरकणाऱ्या त्या दोघांची, आणि सगळ्यात जास्त माझी.

केलेलं परत फिरवायची सोय संगणकात असते. मी तिन्ही नावं परत आणली, एकेक करून. मग पडदा त्यांच्याकडे वळवला.

"दादासाहेब, तुमी विचारलं व्हतं ना, कोनते इंगळे? हे इंगळे. चौथं नाव पाहा. माह्या आज्याचं हाये."

त्यांनी कप खाली ठेवला, अर्धा भरलेला. आधी मालकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग आता विहिरीत हिस्सा पायजे काय तुले?"

"नाई. मी पुसत नाई, येवढंच."

मालक उठून माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "काहून आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊन राहिली? थे नावं कोन वाचते?"

"मी वाचली," मी म्हणाले.

नावांसकट दोन प्रती छापल्या. एक दादासाहेबांच्या कपाशेजारी ठेवली, एक पर्समध्ये घातली, आणि दुकानाची पायरी उतरले. ती नावं नंतर दुसऱ्या कोणीतरी पुसलीच असतील. असे हात अकोल्यात कमी नाहीत. आठ वर्षं माझेही त्यांतच होते.

आता नात्यातले लोक कौतुक करतात, आज्याचं नाव राखलं म्हणून. चुलीत घाला ते कौतुक. चौथं नाव आज्याचं निघालं म्हणून मी थांबले. दुसऱ्या कोणाचं असतं, तर बाराही नावं पुसून वर दादासाहेबांच्या पैशाचा चहा प्याले असते. पहिल्या तिघांचीही नातवंडं असतीलच की कुठंतरी. त्यांचे आजे मला चालले पुसायला.

सध्या अमरावतीत दुसऱ्या दुकानात आहे. पहिल्याच दिवशी, कोणी विचारायच्या आधी, सगळ्यांसमोर सांगितलं: बौद्ध इंगळे. ज्या गिऱ्हाइकाला परत जायचं त्यानं जावं. आणि फोटोवरचं काही पुसायला कोणी सांगितलं, की मी आधी ते मोठं करते आणि त्याच्या तोंडावर मोठ्यानं वाचते. माणसाचं नाव निघालं तर फोटो परत. ते माझ्या कोणाचं नसलं तरी.