गाळलेल्या दोन ओळी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. ऐका फक्त.

मी मूळची पोशेऱ्याची, आता जव्हारला शाळेत शिकवते. भजनात पेटी वाजवते. शाळेत मला शिकवायला होते ते सर निवृत्त होऊन इथेच राहिले. ते व्हायोलिन वाजवायचे. परदेशातल्या कुणा जुन्या संगीतकारानं उतारवयात लिहिलेली व्हायोलिन-पियानोची सोनाटा, म्हणजे दोघांनी मिळून वाजवायची लांबलचक रचना — ती एकदा तरी पुरी वाजवायची, हा त्यांचा ध्यास. पियानो कुठला आमच्याकडे! माझा कीबोर्ड होता. शनिवारी शाळा सुटली की मी सरांकडे.

मधे एक जागा होती, दोन ओळींची. डावा हात काही केल्या बसेना. सांगायचं ना तसं? पण मी पडले पेटीवाली. भजनात अडलं की सोडून पुढची ओळ धरायची — बुवा सांभाळून घेतात. तेच केलं. इथे मात्र दोघांचं वाजवणं बरोबरीचं, सगळंच फिसकटलं.

सरांच्या कागदावर फक्त व्हायोलिन. माझे सूर माझ्यापुढच्या वहीत; मी काय गाळलं, ते त्यांना कळणार कसं? ते थांबले, पान मागे उलटलं. "माझंच चुकलं का गं?"

सरांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी घरचा रस्ता विसरायचे. आपलंही तेच होणार, ही सरांची धास्ती. मला ठाऊक होती. ठाऊक असून मी म्हणाले, "असू द्या सर, वयाप्रमाणे होतं."

जीभ कशी झडली नाही माझी!

आणि एकदाच नाही — चार शनिवार. पाचव्या शनिवारी सरांनी व्हायोलिन कपाटावर ठेवून दिलं. खोडाळ्याच्या बाजाराला एकटा स्कूटरवर जाणारा माणूस. चावी मुलाकडे देऊन टाकली. आता काकूंचा हात धरून चालतात. विसरत काही नाहीत हो! माझ्या वर्गातल्या पोरींची नावंसुद्धा पाठ आहेत त्यांना.

गेल्या महिन्यात काकूंनी सरांचे ते कागद मला आणून दिले, तुला उपयोगी पडतील म्हणून. त्या दोन ओळींवर पेन्सिलनं, सरांच्या रेखीव अक्षरात लिहिलंय — 'इथे मी चुकतो.'

काल दोघं रस्त्यात भेटले. सरांनी विचारलं, "वाजवतेस ना गं अजून?"

मी हो म्हणाले आणि घरी आले.